जहांगीरचे दार आणि भांडुपची भिंत

गेली वीस वर्षे आम्ही फोर्टातील एका कचेरीत कारकुनी करतो. सकाळी भांडुपहून धीमी गाडी पकडायची, व्ही.टी.ला उतरायचे (स्टेशनचे नाव बदलले, तरी तोंडात अजून व्ही.टी.च येते) आणि महात्मा गांधी रोडने काळा घोड्यापर्यंत चालत जायचे. या वाटेवर जहांगीर आर्ट गॅलरी लागते. तिच्या दारावरून आम्ही हजारो वेळा गेलो असू. पाऊस आला की तिच्या पुढे आलेल्या छताखाली उभेही राहिलो. आत मात्र एकदाही गेलो नाही.

कोणी अडवले होते काय? कोणीही नाही. तिकीट होते काय? तेही नाही, प्रवेश फुकट आहे. अडवत होते ते आमचेच मन. ही मोठ्या लोकांची जागा, आपले तेथे काय काम, असे आम्हीच ठरवून टाकले होते. वस्तीतल्या मुलांना आम्ही सांगतो की कोणत्याही दाराला भिऊ नका. आणि स्वतः मात्र उघड्या दाराला वीस वर्षे भीत राहिलो.

ही चूक दाखवून दिली ती आमच्या वस्तीतील एका सोळा वर्षांच्या पोराने. डोंगरउतारावर दहा बाय बाराची खोली, वडील वायरमन, आई चार घरी पोळ्या करते. जयंतीला आमच्या विहारातील पडदा तोच रंगवतो. दहावीनंतर काय करावे, हे विचारायला तो आमच्याकडे आला. आम्ही पडलो बी.कॉम. आम्ही म्हटले, "कॉमर्सला जा, चित्र रविवारी काढ." त्याने मान डोलावली आणि सहज विचारले, "काका, तुम्ही रोज फोर्टला जाता ना? जहांगीर आतून कसं असतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्याच रविवारी तो, त्याची आई आणि आम्ही निघालो. मेगाब्लॉक होता, पोहोचायला दीड तास लागला. दारात पोहोचताच त्या माऊलीने चपला काढल्या. रखवालदार हसून म्हणाला, "ताई, चपला घालूनच या." आम्ही तिघेही आत गेलो.

आत एका दालनात एका चित्रापुढे ती बाई बराच वेळ उभी राहिली. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचे चित्र होते. चित्रकार कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ती मुलाला हळू आवाजात म्हणाली, "हंडा रिकामा आहे रे. भरलेला असता तर मान अशी राहिली नसती." चित्रकारांनी ते ऐकले. ते उठून आले, आपल्याच चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." वाचकहो, त्या बाईने आयुष्यभर हंडे वाहिले आहेत. त्या चित्राची पारख तिच्याइतकी कोणाला असणार? कलादालन आपल्याला हवे आहे तसे आपणही कलादालनाला हवे आहोत, हे आम्हाला त्या क्षणी समजले.

आता थोडे या जागेविषयी. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालापासून आहे. पण चित्रकारांना परवडेल असे कायमचे दालन शहरात नव्हते. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली आणि १९५२ साली हे दालन उघडले. चित्रकार ठरावीक दिवसांसाठी जागा घेतो, चित्रे लावतो, स्वतः तेथे बसतो. येणारा माणूस त्याला प्रश्न विचारू शकतो. बाहेर फुटपाथवरही चित्रकार चित्रे मांडतात. शहराच्या ऐन मध्यावर, स्टेशनपासून पायी जाता येईल अशा ठिकाणी ते आहे, हेच त्याचे मोठेपण. तेच जर एखाद्या बंगल्याच्या आत असते, तर त्या माऊलीचे पाय तेथे लागलेच नसते.

आणि चित्रकला ही श्रीमंतांची, असे तरी कोणी सांगितले? के. एच. आरा लहानपणी मुंबईत आले ते घरगडी म्हणून राबले, गाड्या धुतल्या. हुसेन यांनी सिनेमाची पोस्टरे रंगवली. याच दोघांचा १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सहभाग होता. आपल्यातील पाहाल, तर नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य माणूस आणि देवदासी रंगवून जगाला दाखवली. आणि आपल्या शेजारच्या विक्रोळीचे विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचे प्रसंग रंगवतात. भांडुप ते विक्रोळी अंतर किती? मध्ये एक कांजूरमार्ग.

आणखी जवळचे उदाहरण हवे तर पश्चिमेच्या डोंगराकडे पाहा. त्याच्या पलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, तसे कल्याणचे सोनार आणि लोहारही आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी दिली. हातावर पोट असणाऱ्यांनीही कलेला हात लावला, म्हणून ती लेणी आज उभी आहेत.

आमच्या भांडुपात लालबहादूर शास्त्री मार्गावर एशियन पेंट्सचा कारखाना अनेक वर्षे होता. आता तेथे रंग बनत नाही. पण गंमत पाहा, ज्या भांडुपातून देशभर रंग गेला, तेथे आपल्या पोरांची चित्रे लावायला एक भिंत नाही. जहांगीर पाहावे जरूर, पण दर वेळी तासभर गाडीत उभे राहून कोण जाणार?

म्हणून आम्ही विहार समितीपुढे एक सूचना ठेवली आहे. जयंतीच्या आठवड्यात विहाराच्या सभागृहाची एक भिंत मुलांच्या चित्रांसाठी द्यावी. खर्च फार नाही. सुतळी, चिमटे, चार दिवे. प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव आणि वय लिहावे. मूल चित्राजवळ थांबेल, बघणाऱ्याने त्याला प्रश्न विचारावा. दाराशी एक वही ठेवावी. एक अट मात्र हवी : पहिला, दुसरा नंबर काढायचा नाही. नंबर काढला की बाकीची पोरे पुढच्या वर्षी येत नाहीत.

पालकांनो, आणखी एक माहिती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा आहेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. व्ही.टी.समोरचे जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचे आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तेथे पदवी घेता येते. पोटाचा प्रश्न खरा आहे, तो आम्ही हिशेबनीस माणूस कसा नाकारू? पण मुलाला नको म्हणण्याआधी एकदा त्याच्याबरोबर जाऊन पाहा तरी.

त्या पोराच्या वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. "चित्रानं पोट भरतं का?" हा त्यांचा प्रश्न कायम आहे आणि तो चुकीचा नाही. मात्र परवा रात्री कामावरून येताना ते विहारात डोकावले. भिंत खालून वर न्याहाळली, हाताने ठोकून पाहिली आणि आम्हाला म्हणाले, "साहेब, ही भिंत चालेल. दिवे कुठं लावायचे ते मला सांगा. ड्रिल माझं आहे."