सैल हातांचा नेम

आमच्या घरी बंदूक आहे म्हटलं की पाहुणे सावरून बसतात. मी ती कपाटामागून काढून आणतो आणि त्यांचे चेहरे पडतात. 'हात्तिच्या, छऱ्याची होय! जत्रेत फुगे फोडायला असते ती!'

असेल. पण ही बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचा छाप तिच्यावर आहे. विलायती बीएसए सायकल ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तो आठवेल. लिंकन जेफ्रीज नावाच्या बंदूककाराच्या रचनेवरून कंपनीनं १९०५ च्या सुमारास अशा बंदुका काढायला सुरुवात केली. नळीखालची दांडी ओढली की स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. चाप ओढला की तो पुढे झेपावतो आणि दाबलेली हवा छऱ्याला बाहेर ढकलते. दारू नाही, धूर नाही. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचं वॉशर असतं, सायकलच्या पंपात असायचं तसंच. ते वाळलं की हवा निसटते. मग तेलाचे दोन थेंब सोडून थोडी वाट पाहायची.

खरी गंमत पुढेच आहे. स्प्रिंग सुटते तेव्हा बंदूक आधी मागे येते आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढे जाते. हे दोन्ही धक्के छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आतबाहेरच बसतात. म्हणून नवशिका तिला जितकी घट्ट आवळतो, तितका त्याचा नेम चुकतो. तिला उघड्या तळव्यावर नुसती टेकवायची, तिचं तिला हलू द्यायचं आणि चाप ओढल्यावरही क्षणभर जागचं हलायचं नाही. आयुष्यभर तिजोरीच्या किल्ल्या मुठीत धरलेल्या माझ्यासारख्या बँकवाल्याला हे जमायला दोन वर्षं लागली. स्पर्धेतल्या आजच्या बंदुकांत हवा आधीच दाबून भरलेली असते, त्यामुळे त्यांना झटका जवळजवळ नसतोच. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं सुवर्णपदक मिळवलं तो खेळ थोर आहेच, पण म्हातारीशी जुळवून घेण्याची मजा त्यात नाही.

ही बंदूक माझ्या आबाकाकांची. १९७३ चा उन्हाळा, दुष्काळाचा. आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं. त्या मोजक्या पाण्यातलं वाटीभर पाणी काकू रोज परसात पाखरांसाठी ठेवायची. मी बारा-तेरा वर्षांचा. वाटीवर बुलबुल आला, मी नेम धरला आणि तो अचूक लागला. शाबासकीच्या अपेक्षेनं मी धावत गेलो. पक्षी अजून ऊबदार होता. आबाकाका रागावले नाहीत. त्यांनी बंदूक पुसली, गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. काकूनं संध्याकाळी वाटी विसळून पुन्हा भरली, पण माझ्याशी बोलली नाही. आदल्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला होता, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

चार वर्षांपूर्वी ती माळ्यावरून खाली आली, तेव्हा सूनबाईंनी साफ विरोध केला. अरुणाचल प्रदेशात जंगलातले पक्षी वाचावेत म्हणून २०२१ पासून सरकार लोकांना एअरगन जमा करायला सांगतंय, हे तिनंच मला सांगितलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या गावात मुलं गलोलीनंतर थेट एअरगन उचलतात, तिथे ती जमा व्हायलाच हवी. पण इंग्लंडात या बंदुकांभोवती एक वेगळा संसार होता. बर्मिंगहॅमकडच्या पबांमध्ये लोखंडी पाटीला तीन अष्टमांश इंचाचं भोक असायचं, मागे घंटा. सहा यार्डांवरून ती वाजवायची, यावर क्लबांच्या स्पर्धा चालायच्या. कामगार दिवसभर राबून यायचे आणि घंटा वाजवून घरी जायचे. मेलं कोणीच नाही. ही परंपरा घ्यायला काय हरकत आहे, असा माझा सूनबाईंकडे अर्ज होता.

तो अटींवर मंजूर झाला. मागच्या बोळात, जिथे टोकाला आंधळी भिंत आहे, तिथेच नेमबाजी करायची. खोक्यात लोखंडी पत्रा, पुढे जुन्या चिंध्या आणि वर वहीचा कागद. नातवानं माझ्या देखत आणि चष्मा लावूनच बंदूक धरायची. छर्रे शिशाचे, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय पोह्यांना शिवायचं नाही.

गेल्या रविवारी नातवाचे पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. माझे नाही. तेवढ्यात भिंतीवर बुलबुल येऊन बसला. त्यानं बंदूक खाली ठेवली आणि म्हणाला, "आजोबा, तो जाईपर्यंत थांबू या." त्याला १९७३ ची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. सांगावी की नाही, हे ठरत नाही.

बुलबुल बराच वेळ बसला होता. तोवर माझ्या लक्षात आलं की शेवटच्या छऱ्याला जीव नव्हता. वॉशर पुन्हा वाळलंय, आता तेलानं भागणार नाही. कोपऱ्यावरचा चांभार चामडं कापून देतो म्हणालाय, जुनं वॉशर मापाला घेऊन बोलावलंय.