आधीं हिशेब, मग दोष

घरच्या संगणकांत नवा भाग बसविल्यावर तो बंद पडूं लागला, कीं आपण त्या भागास किंवा दुकानदारास बोल लावतों. माझ्या मतें हा उतावीळपणा होय.

गेल्या सुटींत वडिलांनीं काटकसर करून घेतलेलें ग्राफिक्स कार्ड मीं आमच्या संगणकास जोडलें. लेखनवाचन सुरळीत चाले; पण खेळ सुरू करतांच यंत्र एकाएकी बंद पडे. कार्ड सदोष समजून तें परत करण्याचें ठरलें. तत्पूर्वीं तारा तपासल्या. त्या घट्ट होत्या. कार्ड काढून पाहिलें; यंत्र नीट चालूं लागलें. मग पॉवर सप्लायवरील लेबल वाचलें. वर '३०० वॅट' असें ठळक छापलें होतें. परंतु १२ व्होल्टांवर प्रवाह १८ अँपिअर, म्हणजे अवघे २१६ वॅट! कार्डास १७० व प्रोसेसरास ६५ मिळून २३५ झाले, पंखे निराळेच. दोष कार्डाचा नव्हता, आमच्या हिशेबाचा होता. ५५० वॅटचा सप्लाय बसविल्यावर तेंच कार्ड बिनतक्रार चालत आहे.

म्हणून खरेदीपूर्वीं बेरीज करावी, दोष शोधतांना एका वेळीं एकच बदल करावा व प्लग काढूनच आंत हात घालावा. सप्लायची पेटी मात्र कधींही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरांत घातक विद्युत् उरूं शकते.

शुभवर्तमानांतील बुरूज बांधणारा आधीं बसून खर्चाचा अंदाज घेतो. मग आईबापांच्या घामाचा पैसा वेंचणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनीं दोनतीन आंकड्यांच्या बेरजेचा आळस करावा काय?