वरून पाहायचा मासा

गोल्डफिश हा वरून पाहायचा मासा आहे. काचेच्या पेटीत तो एका अंगानेच दिसतो, आणि त्याला पाठ असते हे आपण जवळपास विसरून गेलो आहोत. अंगणातल्या हौदाच्या कठड्यावर बसून एकदा खाली पाहा. काळसर पाण्यात केशरी पाठ, दोन्ही बाजूंना सावकाश हलणारे पर, वळताना मागे रेंगाळणारं शेपूट. चीनमध्ये ज्यांनी हा मासा घडवला, त्यांनी तो असाच पाहिला होता. तिथल्या नद्या-ओढ्यांतल्या मातकट हिरव्या माशांत अधूनमधून एखादा सोनेरी निघायचा. तो खायचा नाही, पुण्य म्हणून बौद्ध मठाच्या तळ्यात सोडायचा, अशी रीत होती. पुढे सोंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, अशा माशांची मुद्दाम निपज होऊ लागली. मिंग काळात ते मातीच्या मोठ्या कुंड्यांतून घरात आले. काचेची पेटी त्यानंतर कितीतरी शतकांनी आली. जपानमध्ये रँचू जातीच्या गोल्डफिशच्या स्पर्धेत परीक्षक आजही मासा उथळ पात्रात ठेवून वरूनच पाहतात.

म्हणून टेबलावरच्या गोल भांड्यातला गोल्डफिश पाहिला की मला वाईट वाटतं. ‘भांडं लहान असेल तर मासा तेवढाच राहतो’ असं विकणारे सांगतात आणि घेणारे मानतात. मासा तेवढाच राहत नाही, तो खुंटतो आणि लवकर मरतो. साधा, लांब अंगाचा गोल्डफिश मोकळ्या पाण्यात फूटभर होऊ शकतो. नीट सांभाळला तर दहा-वीस वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९पर्यंत, म्हणजे ४३ वर्षं जगल्याची नोंद आहे. रोम शहराने २००५ साली गोल भांड्यात मासे ठेवायला बंदीच घातली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

ज्यांच्याकडे अंगण आहे, त्यांनी हौद करावा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल एवढ्या हौदात साधारण १,७०० लिटर पाणी मावतं. एका माशाला किमान शंभर लिटर हा माझा हिशेब आहे, आणि त्यातही हात आखडता घेतलेला बरा. दहा-बारा मासे पुष्कळ झाले. भिंती सरळ उभ्या ठेवाव्यात, कारण उतरता काठ असला की ढोकरी त्यावर पाय रोवून निवांत शिकार करते. हौद चिंचेखाली किंवा कडुनिंबाखाली नको, पानगळीने तळाशी गाळ साचत राहतो. कण्हेर तर जवळपासही नको. तिचं पान विषारी असतं आणि आपल्याकडे कुंपणाला हमखास तीच लावलेली असते.

अंगणातल्या हौदात मासे मरतात ते बहुतेक दोन वेळी. एक, हौद नवा असताना, आणि दुसरी वेळ मे महिन्याची.

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो. म्हणून हौद भरायचा, काही दिवस ठेवायचा, रिकामा करायचा, असं पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्या पाण्यात केळीचे खुंट टाकून ठेवण्याची पद्धतही आहे. पण चुना गेला म्हणजे पाणी तयार झालं असं नाही. माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशालाच घातक असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू भिंतीवरच्या, दगडांवरच्या बुळबुळीत थरात वाढतात. ते पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी हौसेने डझनभर मासे एकदम सोडले की ते एकामागून एक तरंगू लागतात आणि दोष दुकानदाराला दिला जातो. सुरुवातीला दोनच मासे सोडा, खाणं अगदी थोडं घाला आणि थांबा. दिवाळीच्या साफसफाईत हौद घासून लख्ख करू नका, कारण तो थर गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदललं तरी पुरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा ते पिंपात दोन दिवस उघडं ठेवावं किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. काढलेलं पाणी कढीपत्त्याला, जास्वंदीला घालावं. नायट्रेट झाडांना हवंच असतं.

मे महिन्याची गोष्ट वेगळी. हा मूळचा थंड पाण्यातला मासा. गोठलेल्या तळ्यात, बर्फाखालच्या प्राणवायू संपलेल्या पाण्यातही तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. अशा वेळी अंगात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं तो अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ही किमया त्याच्या शरीरात नेमकी कशी होते, याचा उलगडा ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१७ साली केला. पण ही सोय थंडीतली आहे, उन्हाळ्यात ती कामाला येत नाही. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. पाणी तापलं की माशाची भूक आणि श्वासाची गरज मात्र वाढते. त्यात हौद शेवाळाने हिरवागार असेल तर रात्री शेवाळही तोच प्राणवायू ओढतं. म्हणून पहाटे, उजाडण्याच्या आत हौदाकडे एक चक्कर मारा. मासे वर येऊन तोंडं उघडी ठेवून हवा घेत असतील, तर पाणी त्यांना पुरत नाही असं समजा. छोटा पंप लावून पाणी उंचावरून पडू द्या, वर शेडनेट बांधा आणि निम्मं पाणी कुमुदाच्या पानांनी झाकलेलं राहू द्या. त्या दिवसांत खाणं कमी करा.

खाण्याबद्दल दोन शब्द. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. त्यामुळे तो कायम भुकेला वाटतो आणि माणूस दिसला की काठाशी गोळा होतो. त्याच्या या लाघवाला भुलून लोक मूठमूठ खाणं टाकतात. देवळाच्या कुंडावर मुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या टाकायची सवय आपल्याला आहे, पाहुणे तीच घरच्या हौदावर चालवतात. उरलेली कणीक पाण्यात कुजते. दोन मिनिटांत संपेल एवढंच द्यावं आणि पाहुण्यांना प्रेमाने थांबवावं. डासांच्या अळ्या मात्र गोल्डफिश आवडीने खातो, तेव्हा डेंग्यूच्या भीतीने हौद बुजवायचं कारण नाही. मासे नसलेलं साचलेलं पाणी हाच खरा धोका.

पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या हौदातून मासे अंगणात वाहून येतात. काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा आणि जादा पाणी जाणाऱ्या पाइपाला जाळी हवी. खंड्यासाठी वरूनही जाळी बांधावी लागते. ती दिसायला चांगली नसते, तरी बांधावी.

हौद रुळला की एखाद्या सकाळी कुमुदाच्या देठांना चिकटलेली अंडी दिसतात. मोठे मासे त्यातली बहुतेक खाऊन टाकतात, वाचायची ती वाचतात. पिल्लं निघतात ती तपकिरी-हिरवट, सोनेरी अजिबात नाहीत. हे भलतेच मासे कुठून आले, असं विचारणारे मला भेटले आहेत. ती त्यांचीच पोरं असतात. काही महिन्यांनी त्यांच्यावर रंग चढतो आणि काहींवर कधीच चढत नाही. निवड करणारा माणूस बाजूला झाला की हा मासा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मूळ रंगाकडे परतू लागतो. रंग न चढलेली पिल्लं मला तितकीच देखणी वाटतात.

पण इथेच खरा प्रश्न उभा राहतो, कारण मासे वाढतात आणि हौद तेवढाच राहतो. अशा वेळी ‘मोकळं केलं’ या समाधानात लोक ते नदीत किंवा गावतळ्यात सोडून येतात. असे सोडलेले गोल्डफिश ऑस्ट्रेलियाच्या वास नदीत दीड-दोन किलोचे झाले. अमेरिकेतल्या बर्न्सव्हिल गावाने २०२१मध्ये आपल्या तळ्यातून फुटबॉलएवढे गोल्डफिश काढले आणि लोकांना हात जोडून सांगितलं, की घरचे मासे इथे सोडू नका. हा मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि दुसऱ्या माशांची अंडी खातो. आपल्या नद्यांवर आधीच पुरेसं ओझं आहे. जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्या, हौद असलेल्या ओळखीच्या माणसाला द्या, शाळेच्या बागेला विचारून द्या. नदीत, तळ्यात, विहिरीत एकही सोडू नका.