मेज आणि मैदान

कोणता खेळ अवघड आणि कोणता सोपा, हा वाद जितका जुना तितकाच गोड आहे. ज्याला त्याला आपला खेळ तपश्चर्येसारखा वाटतो आणि दुसऱ्याचा खेळ म्हणजे निव्वळ पोरखेळ. मल्ल बुद्धिबळाच्या पटाकडे पाहून हसतो आणि बुद्धिबळपटू आखाड्यातील मातीकडे पाहून नाक मुरडतो. यमुनेच्या पूर्वतीरावर वसलेल्या आमच्या मयूर विहारात हल्ली असाच एक वाद ऐकू येतो. त्यातले दोन पक्ष म्हणजे पूल आणि गोल्फ.

हा वाद येथेच का रंगावा, याला कारण आहे. बाजारपेठेच्या एखाद्या माडीवर तासाच्या भाड्याने पूलचे मेज मिळते. उलट दिशेला, मयूर विहार-१ या स्थानकातून नोएडाकडे जाणाऱ्या मेट्रोत बसावे, तर पुढचे सातवे स्थानक 'गोल्फ कोर्स' याच नावाचे आहे. म्हणजे दोन्ही खेळ हाताशी आहेत. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरात विचारते, 'मी यांतला एक खेळ शिकू का?' मग वडील म्हणतात, 'पूल हा रिकामटेकड्यांचा खेळ.' काका म्हणतात, 'गोल्फ हा निवृत्त साहेबांचा फेरफटका.' आई विचारते, 'परीक्षेचे काय?' आणि मूल आग्रहाने सांगते की, आपला खेळ जगातला सर्वांत कठीण खेळ आहे. या चौघांपैकी कोणाचे म्हणणे कितपत खरे आहे, ते आज आपण शांतपणे पाहू.

प्रथम खेळांची ओळख करून घेऊ. पूल म्हणजे आपल्या कॅरमचा दूरचा भाऊ. कॅरममध्ये आपण बोटाने स्ट्रायकर मारतो आणि सोंगटी कोपऱ्यातल्या खिशात घालतो. पूलमध्ये बोटाऐवजी लांब काठी असते, तिला क्यू म्हणतात. स्ट्रायकरऐवजी पांढरा चेंडू असतो आणि सोंगट्यांऐवजी रंगीत, आकडे घातलेले चेंडू. मेज साधारण नऊ फूट लांब व साडेचार फूट रुंद असते आणि त्याला सहा खिसे असतात. बिलियर्ड्स व स्नूकर ही याच कुळातली वडीलधारी मंडळी; त्यांचे मेज बारा फूट लांब. त्यांतील स्नूकरचा जन्म तर आपल्याच देशात, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला. नागपूर ज्या मध्यप्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतातले हे जबलपूर.

गोल्फचे नाते मात्र गोट्यांशी जोडता येईल. जमिनीतल्या गलीत गोटी घालणे हेच त्याचेही सार आहे. फरक इतकाच की, गल चारशे यार्डांवर असते आणि वाटेत झाडे, वाळू, पाणी व उतार असतात. अशा अठरा गली क्रमाने पूर्ण करायच्या आणि एकूण फटके कमीत कमी ठेवायचे. गलीची रुंदी सव्वाचार इंच असते आणि हे माप १८९१ पासून ठरलेले आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. म्हणजे हा खेळही आपल्याकडे कालपरवा आलेला नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अवघडपणा म्हणजे काय? माझ्या मते त्याचे तीन प्रकार वेगळे काढल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. पहिला, फटका साधण्याचा अवघडपणा. दुसरा, मन ताब्यात ठेवण्याचा. आणि तिसरा, प्रतिस्पर्ध्यावर विजय मिळवण्याचा. हे तीनही एकत्र कालवले की वाद घालणाऱ्याला जे हवे ते सिद्ध करता येते.

फटक्याचा विचार थोड्या गणिताने करू. समजा, पांढरा चेंडू, ज्याला मारायचे तो चेंडू आणि खिसा एका सरळ रेषेत आहेत. दोन चेंडूंमध्ये चार फूट अंतर आहे आणि तेथून खिसाही चार फुटांवर आहे. क्यूची दिशा केवळ पाव अंशाने चुकली, तर चार फुटांवर पांढरा चेंडू एक-पंचमांश इंच इतकाच बाजूला सरकतो. हे काहीच नाही, असे वाटेल. परंतु चेंडूची जाडी सव्वादोन इंच असल्यामुळे टक्कर थोडी कडेने होते, आणि ज्याला धक्का बसला तो चेंडू पाच अंशांहून अधिक वाकडा जातो. खिशापर्यंत पोहोचेतो तो साडेचार इंच बाजूला गेलेला असतो आणि कडेच्या गादीवर आपटून परत येतो. मूळची चूक टक्करीने वीसपटीहून अधिक मोठी केली! कॅरम खेळणाऱ्या प्रत्येकाला दूरच्या सोंगटीचा हा अनुभव आहे. कारण मात्र क्वचितच ठाऊक असते.

गोल्फमध्ये अशी टक्कर नाही. अडीचशे यार्डांचा फटका एक अंशाने चुकला, तर चेंडू सुमारे तेरा फूट बाजूला पडतो आणि तरीही तो बहुधा चांगल्या गवतावरच असतो. म्हणजे पूलमध्ये पाव अंशाची चूक क्षम्य नाही, तर गोल्फमध्ये पूर्ण एक अंशाची चूक चालून जाते. यावरून पूल अधिक कठीण ठरतो काय? उतावळेपणाने तसे म्हणू नये. पूलमध्ये डावा हात मेजावर टेकलेला असतो, क्यू त्यावरून सरळ रेषेत सरकते आणि शरीर जवळजवळ स्थिर असते. गोल्फमध्ये पाय, कंबर, खांदे व मनगटे या सर्वांना एकाच लयीत फिरावे लागते. काठी मोठ्या वर्तुळात येते आणि चेंडूला तिचा स्पर्श होतो तो सेकंदाच्या सुमारे दोनहजाराव्या भागापुरता. त्या निमिषात काठीचे तोंड बरोबर दिशेला हवे. म्हणूनच नवशिक्या माणूस पूलच्या मेजावर पहिल्याच दिवशी एखादा चेंडू खिशात घालतो; गोल्फच्या मैदानावर मात्र जमिनीवर निमूट बसलेल्या चेंडूला काठीचा स्पर्शही न होता ती हवेत फिरून येते.

शिवाय पूलचे मेज सपाट असते, आजचे तसेच उद्याचे. गोल्फचे मैदान मात्र रोज नवे. सकाळचे दव, दुपारचा वारा, वाढलेले गवत, सारे हिशेबात धरावे लागते. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाचेच उदाहरण घ्या. तेथे झुडपांची दाट राई दोन्ही बाजूंनी अंगावर येते, मोर मुक्तपणे हिंडतात आणि लाल बंगल्यासारख्या जुन्या कबरी खेळाच्या वाटेवर उभ्या आहेत. राईत शिरलेला चेंडू सहसा परत मिळत नाही. आणि शेवटचा छोटा फटका तरी सोपा असावा? तोही नाही. आठ फुटांवरून चेंडू गलीत घालताना जगातले अव्वल व्यावसायिक खेळाडूसुद्धा सुमारे निम्म्याच वेळा यशस्वी होतात.

आता मनाचा विचार. गोल्फची एक फेरी चार तासांहून अधिक चालते. त्यात फटक्यांचा प्रत्यक्ष वेळ काही मिनिटांचाच. उरलेला सारा वेळ माणूस चालत असतो आणि मागच्या चुकीचा विचार करत असतो. तेथे प्रतिस्पर्धी आपला चेंडू अडवीत नाही. शत्रू असतो तो आपल्याच डोक्यात. पंचही प्रत्येकाच्या मागे फिरत नाही. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स याने, इतर कोणी न पाहिलेल्या चेंडूच्या किंचित हालचालीबद्दल, स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. पुढे सामना बरोबरीत सुटला आणि निर्णायक फेरीत तो हरला. तो एक फटका नसता, तर विजेतेपद त्याचेच होते. या खेळाची ही कसोटी फटक्याहून कठीण नाही काय?

पूलची शिक्षा वेगळी आहे. तेथे आपण चुकलो की खुर्चीत जाऊन बसायचे. समोरचा खेळाडू एकामागून एक चेंडू घालत राहतो आणि आपण हातात काठी धरून पाहत राहायचे. खेळण्याची संधीच मिळत नाही. वीस मिनिटे असे बसून राहिल्यावर अचानक आपली पाळी येते, तीही बहुधा अडचणीच्या जागी. तेव्हा हात थरथरू न देणे ही साधना होय. गोल्फमध्ये चूक झाली तर पुढच्या गलीवर ती भरून काढता येते. पूलमध्ये एका चुकीने अख्खा डाव जातो.

तिसरा प्रकार विजयाचा. यात एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खेळ जितका छोटा, तितका दैवाचा हात मोठा. समजा, एखादी खेळाडू दुसरीपेक्षा थोडी सरस आहे आणि शंभर डावांपैकी पंचावन्न जिंकते. एकाच डावावर निकाल लावला, तर तिच्या पराभवाची शक्यता शंभरात पंचेचाळीस. तोच सामना आधी नऊ डाव जिंकणाऱ्याचा ठेवला, तर ती सुमारे सहासष्ट वेळा जिंकेल. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत सामने लांबवले जातात. गोल्फमध्ये चार दिवसांत बहात्तर गली खेळवतात, ते याच कारणाने. तथापि तेथे एकाच वेळी शंभराहून अधिक खेळाडू उतरलेले असतात. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर ८२ विजय मिळवणारा टायगर वुड्सदेखील ज्या स्पर्धांत उतरला, त्यांतील बहुसंख्य स्पर्धा हरला. उलट, पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणी याने बिलियर्ड्स व स्नूकरची पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवली आहेत. यावरून बिलियर्ड्स सोपे ठरत नाही. खेळाचा अवघडपणा चेंडूत थोडा आणि समोर उभ्या असलेल्या माणसांत फार असतो, एवढेच यातून समजायचे. ज्या खेळात अधिक देश आणि अधिक माणसे जीव ओतून उतरतात, तो जिंकण्यास कठीण.

सारांश असा की, आरंभ करणाऱ्यास गोल्फ कठीण आणि पूल सोपा. फटक्याच्या अचूकपणात पूल अधिक निष्ठुर. आणि शिखरावर पोहोचल्यावर दोघांत डावे-उजवे करणे व्यर्थ. पूलचा सोपा आरंभ हाच त्यातला सापळा आहे. चार चेंडू गेले की मुलाला आपण पारंगत झालो असे वाटते. खरा खेळ, म्हणजे पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू नेमका कोठे थांबवायचा, तो अजून सुरूच झालेला नसतो.

आता वडिलांच्या आणि काकांच्या आक्षेपांकडे वळू. मेजावरचा खेळ रिकामटेकड्यांचा, असे म्हणणाऱ्यांनी विल्सन जोन्स यांचे स्मरण करावे. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९५८ मध्ये कलकत्ता येथे बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले जगज्जेते खेळाडू. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी पुढे तीन वेळा तोच मान मिळवला.

गोल्फ केवळ साहेबांचा, असे म्हणणाऱ्यांनी अली शेर यांच्याकडे पाहावे. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा हा मुलगा १९९१ साली त्याच मैदानावर भारतीय खुली स्पर्धा जिंकला. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील कलकत्त्याच्या क्लबात हिरवळीची निगा राखीत. मुलाने २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. मात्र ही उदाहरणे थोडी आहेत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गोल्फला विस्तीर्ण जमीन, पुष्कळ पाणी आणि सभासदत्वाची मोठी रक्कम लागते. यास्तव दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडो सराय येथे चालवलेल्या कुतुब गोल्फ कोर्ससारखी सार्वजनिक मैदाने मोलाची ठरतात. तेथे सभासद नसलेल्यालाही शुल्क भरून खेळता येते.

आणखी एक व्यावहारिक भेद. गोल्फ २०१६ पासून पुन्हा ऑलिंपिकमध्ये आला. २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत अदिती अशोक चौथी आली. ऐकू न येणारी दीक्षा डागर हीदेखील त्याच स्पर्धेत खेळली. मेजावरच्या खेळांना ऑलिंपिकचे दार अजून उघडलेले नाही. परंतु असे दार गाठणारे हजारांत एक असतात, हे पालकांनी विसरू नये.

मग घरातल्या मुलाला काय सांगावे? माझा सल्ला असा की, खेळ पाहण्याआधी जागा पाहावी. आई किंवा वडिलांनी एकदा स्वतः त्या माडीवर जावे. तेथे शिकवणारा कोणी आहे का, धूर आणि पैजा आहेत का, कोणत्या वेळी कोण येते, हे पाहावे. पैशांची पैज जेथे चालते, तेथून मुलाला हाताला धरून परत आणावे; खेळ कितीही उत्तम असला तरी. गोल्फच्या बाबतीत आधी खर्चाचा प्रामाणिक हिशेब मांडावा आणि तो मुलासमोर मांडावा. कर्ज काढून जोपासलेला छंद मुलाच्या मनावर ओझे होतो आणि त्या ओझ्याखाली कोणाचाही फटका सरळ जात नाही. आठवड्याचे तास ठरवून द्यावेत आणि परीक्षेच्या दिवसांत ते कमी करण्याचा करार आधीच करावा. आईच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे.

आणि 'माझा खेळ सर्वांत कठीण' असे मूल म्हणू लागले, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याला एवढेच विचारावे, 'चुकल्यानंतर तू काय करतोस?' खुर्चीत बसून प्रतिस्पर्ध्याचा उत्तम फटका जो मनापासून पाहू शकतो, किंवा राईत हरवलेल्या चेंडूचा दंड कोणी न सांगता जो आपल्या कागदावर लिहितो, त्याला खेळाने शिकवायचे ते शिकवले आहे. मग ते मेजावर असो वा मैदानावर.