ग्रंथपालाचा पगार आणि गावाचे श्रमदान

सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. ग्रंथालये मुळात लोकांनी उभी केली, ती लोकांनीच चालवावीत. सरकारी पैशामागून गैरव्यवहार येतो, म्हणून अनुदान आटोपते घ्यावे आणि स्वयंसेवकांची फळी उभारावी. यातला पूर्वार्ध खरा आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबईचे 1898 चे. राज्याचा ग्रंथालय कायदा होण्याच्या कितीतरी आधी या संस्था वर्गणी आणि देणग्यांवर उभ्या राहिल्या. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानेही ही परंपरा मोडली नाही. गावोगावची ग्रंथालये संस्थांच्याच हाती ठेवून त्याने त्यांना मान्यता आणि अनुदान दिले. पण या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा आहे. जुनी ग्रंथालये वाढली ती वकील, शिक्षक, व्यापारी आणि पेन्शनर जिथे होते तिथे. वर्गणी परवडणारा असा वर्ग ज्या गावात नाही, तिथे वाचनाची भूक कमी नसते, फक्त ऐपत कमी असते. ही तूट भरून काढणे हेच अनुदानाचे प्रयोजन आहे. ते काढून घेतले तर लोकांचे म्हणून जे उरेल ते ऐपतदार लोकांचेच असेल.

शिवाय अनुदानाने संस्था आयतखाऊ होतात, हा आरोप आकड्यांपुढे टिकत नाही. राज्यातल्या सुमारे 11 हजार मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. त्यातल्या तळच्या ड वर्गाचे वार्षिक अनुदान 2012 नंतरची दहा वर्षे 30 हजार रुपयांवर थांबले होते. 2022 मध्ये जाहीर झालेल्या 60 टक्के वाढीने ते 48 हजारांवर गेले. म्हणजे महिन्याला 4 हजार. ही सगळी रक्कम पगारावर घातली तरी एका माणसाचा संसार चालत नाही, आणि पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल हे खर्च वेगळेच. ज्यांना स्वयंसेवेचा प्रयोग हवा आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे की तो प्रयोग वर्षानुवर्षे चालूच आहे: आजचा खेड्यातला ग्रंथपाल हाच आपला सर्वात मोठा, पण सक्तीचा, स्वयंसेवक आहे.

आता बोगस ग्रंथालयांचा आक्षेप. तो खोटा नाही. 2012 साली महसूल यंत्रणेमार्फत झालेल्या पडताळणीत कागदावरच्या ग्रंथालयांचे आणि नियमभंगाचे प्रकार पुढे आले. पण त्यानंतर दीर्घकाळ नवी मान्यता आणि वर्गबदल रोखून धरले गेले, तेव्हा चोरांबरोबर शिक्षा सावांनाही झाली. दोष अनुदानाचा नव्हता, मोजमापाचा होता. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकांची संख्या या गोष्टी नोंदवहीत भरता येतात. रोजची देवघेव आणि वाचकांची वर्दळ गावाच्या डोळ्यांसमोर घडते. ग्रंथालयाचा हिशेब आणि देवघेवीचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवण्याची सक्ती केली, तर बोगस ग्रंथालयाला लपायला जागा राहणार नाही. मोबाइलच्या काळात वाचतो कोण, या प्रश्नाला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतली गर्दी पुरेसे उत्तर आहे.

दुसऱ्या बाजूनेही एक आक्षेप येतो: स्वयंसेवक आले की सरकार पगारी जागा गुंडाळेल. ही भीती अनाठायी नाही, म्हणूनच कामांची वाटणी आधी ठरली पाहिजे. रोज ठरल्या वेळी दार उघडणे, दाखलनोंद ठेवणे, पुस्तकनिवड आणि हिशेब ही जबाबदारीची कामे. ती पगारी माणसाचीच. घरी पडून असलेल्या वृद्धांना पुस्तक पोचवणे, मुलांसमोर वाचन करणे, सूची संगणकावर चढवणे, वार्षिक ग्रंथमोजणीला हात लावणे ही स्वयंसेवकांची. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास सेवा करायची असते. त्यातले काही तास जवळच्या ग्रंथालयाला देण्यासाठी नवे खाते काढावे लागत नाही. महाविद्यालय आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी यांनी एकत्र बसून वेळापत्रक आखले तरी पुरे. मात्र त्या विद्यार्थ्याला काम सांगायला कुणीतरी जागेवर हवा. पगारी ग्रंथपाल नसेल तिथे स्वयंसेवक येऊन बंद दारावरून परत जातो.

लोकसहभाग आणि सरकारी पैसा यांचा मेळ घालण्याचा दाखला मराठी राजवटीतच आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. त्याचे सूत्र होते जुळत्या वाट्याचे: गावाने वर्गणी जमवायची आणि तिच्या जोडीला प्रांत पंचायतीने व सरकारने आपापली भर घालायची. 1972 साली स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या जुळत्या अनुदानामागेही हेच तत्त्व आहे. आज त्यात एक दुरुस्ती हवी. गरीब गावाला रोख वाटा जमवता येत नाही, पण वेळ देता येतो. म्हणून ग्रंथपालाचे किमान वेतन शासनाने बिनशर्त आणि थेट बँक खात्यात द्यावे. आणि पुस्तके व उपक्रम यांसाठीच्या जादा अनुदानात गावाचा वाटा मोजताना स्वयंसेवेचे नोंदलेले तास पैशांइतकेच ग्राह्य धरावेत. मग अनुदान कमी करण्यासाठी स्वयंसेवेचे नाव पुढे करता येणार नाही, कारण गाव जितके राबेल तितका शासनाचा वाटा वाढवावा लागेल.