जाळी नॉर्वेला, दरड आपल्या दारी

चिंचवडच्या कंपनीची जाळी नॉर्वेच्या समुद्रात सोडली जाते, तिच्यात सॅमन मासे वाढवतात आणि ते मासे पुढे युरोपभरच्या ताटांत जातात. आता तुम्ही म्हणाल, 'बाई गं, त्याचं आम्हाला काय?' जरा थांबा, मैत्रिणींनो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांशी झालेला आपला व्यापार करार लागू झाला. चर्चा काय झाली? तर स्विस चॉकलेट आणि घड्याळं स्वस्त होणार! पण करार म्हणजे दोन्हीकडून चालणारा रस्ता. इथून तिकडे काय जातं, हे बघायला गेलं की पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा डोळ्यांपुढे येतो. आपल्यापैकी कितीजणींचे भाऊ, नवरे, मुलं आणि आता लेकीसुद्धा त्या पट्ट्यात शिफ्ट करतात. तिथे मोटारी बनतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगराचा दगड आणि समुद्राची लाट अडवायचं सामान विकणारं एक मराठी घराणंही तिथेच आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

हे घराणं गरवाऱ्यांचं. पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या गरवारे कॉलेजमुळे नाव आपल्या ओळखीचं. ते ज्यांच्या नावानं आहे ते आबासाहेब गरवारे १९०३ साली जन्मले, मुंबईत मोटारींच्या खरेदी-विक्रीत जम बसवला, मग प्लॅस्टिक, नायलॉन अशा त्या काळी नव्या वस्तूंत शिरले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७६ साली 'गरवारे-वॉल रोप्स' ही दोरांची कंपनी निघाली. २०१८ मध्ये तिचं नाव 'गरवारे टेक्निकल फायबर्स' झालं. मुख्य कचेरी चिंचवडला, कारखाने तिथे आणि वाईला. कारभार आता तिसऱ्या पिढीतल्या वायू गरवारे यांच्याकडे आहे.

सुरुवात दोर आणि मासेमारीच्या जाळ्यांपासून. पुढे खेळाच्या मैदानावरचं नेट, शेतातली शेडनेट, असं करत करत कंपनी दरडी, पूर आणि किनाऱ्याची धूप रोखणाऱ्या सामानापर्यंत आली. बाईमाणसाला यात नवल वाटू नये. एकदा विणकाम हातात बसलं की स्वेटर काय आणि टोपी काय!

हे सामान म्हणजे नेमकं काय? घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर करड्या तारांची जाळी घट्ट बसवलेली दिसते ना, ती पहिली. खडकात खोल भोकं पाडून त्यांत लोखंडी सळया सिमेंटनं पक्क्या करतात आणि त्यांना जाळी अडकवतात. दगड सुटलाच तर उडी मारून रस्त्यावर येत नाही, जाळीच्या आतून घसरत पायथ्याच्या चरात पडतो. दुसरा प्रकार कुंपणासारखा. उतारावर खांब रोवून त्यांच्यात जाळं ताणलेलं असतं. ते येणारा दगड झेलतं, थोडं मागे जातं, पण सोडत नाही. युरोपात असं कुंपण विकायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते. खऱ्या आकाराचं जाळं उभारून त्यावर काँक्रीटचा ठोकळा ताशी ९० किलोमीटरच्या वेगानं आदळवतात. जाळं टिकलं तर दाखला.

तिसरा प्रकार गॅबियन, म्हणजे दगड भरलेला जाळीचा पेटारा. एकावर एक रचले की भिंत उभी राहते, शिवाय फटींतून पाणी वाहून जातं. हा पेटारा १८९० च्या दशकात इटलीतल्या माकाफेरी नावाच्या घराण्यानं नदीच्या काठासाठी वापरात आणला. तारेचा पेटारा समुद्राच्या खाऱ्या पाण्यात गंजतो. गरवाऱ्यांनी तो पॉलिमरच्या दोराचा केला, म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही.

ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या पेंथा या गावाची जमीन समुद्र दर वर्षी खात होता. तिथे गेल्या दशकात ५०५ मीटर लांबीचा बांध झाला. जाड कापडाच्या प्रचंड नळ्यांत वाळू भरून त्या एकावर एक रचल्या आणि वर दोराच्या जाळीतले दगड ठेवले. आराखडा आयआयटी मद्रासचा, पैसा जागतिक बँकेच्या मदतीतून आणि काम गरवाऱ्यांचं. म्हणजे आपल्या देशात हे होतच नाही असं नाही. होतं, पण कुणी तरी पैसे आणि आराखडा घेऊन पुढे आलं तर.

आता पुन्हा नॉर्वे. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, पण हा मासा वेगळा.) तिथे समुद्रात गोल पिंजरे तरंगत ठेवून सॅमन पाळतात. वादळात जाळं फाटलं की हजारो मासे पळतात आणि नदीतल्या रानटी सॅमनमध्ये मिसळून त्याची जातच बिघडवतात. म्हणून २००४ पासून तिथे नियम आले. पिंजरा, त्याची जाळी, त्याचे नांगर हे सगळं ठरलेल्या प्रतीचं हवं, त्याची तपासणी हवी. आणि मासे पळाले तर मालकानं सरकारला लगेच कळवायचं. गंमत नाही, खरंच कळवावं लागतं.

असा नियम झाला की काय होतं? जाळी घ्यायची की नाही, हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. चांगल्या जाळीला कायमचं गिऱ्हाईक मिळतं. चिलीत समुद्रसिंह मासे पळवायला जाळी फाडतात, तिथे त्याहून चिवट जाळी लागते. स्कॉटलंड, कॅनडा असे पुढचे बाजार उघडत जातात. चिंचवडचा माल आज पंचाहत्तरहून अधिक देशांत जातो, तो असा. एकाच देशावर भिस्त ठेवणं किती महाग पडतं, हे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा कितीतरी निर्यातदारांना कळलं. चार घरी शिकवण्या घेणारी बाई एका घरानं नाही म्हटलं म्हणून कोलमडत नाही, तसंच हे. मला या यशाचा अभिमान वाटतो, आणि तो वाटताना थोडं टोचतंही.

का, ते सांगते. १९ जुलै २०१५, रविवार. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि गाड्यांवर दगड येऊन माणसं दगावली. मोठा गहजब झाला. सैल दगड काढले गेले, डोंगराला जाळी बसली. चांगलंच झालं. बरोबर आठ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, त्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी झोपेत गाडली गेली. ठाकर आदिवासींची वाडी. वर जायला गाडीरस्ता नाही, यंत्रं चढली नाहीत, बचावाची माणसं अंधारात चिखल तुडवत गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जणांचा पत्ताच लागला नाही, चार दिवसांनी शोध थांबवला. आणि दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं, असं सरकारनंच सांगितलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जाळी बसवली असती तर इर्शाळवाडी वाचली असती, असं मी म्हणत नाही. जाळी सुटा दगड अडवते. पावसानं भिजून डोंगराची मातीच खाली यायला लागली की तिच्यापुढे कुठलंच जाळं टिकत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गेलं, १५१ माणसं गेली. सकाळी एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा जगाला कळलं. चाकणहून राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव करत गेलं तर दोन-अडीच तासांत माणूस तिथे पोहोचतो. महाडचं तळीये २२ जुलै २०२१ ला गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. अशा जागी उपाय वेगळे असतात. वरचं पाणी चर खणून बाजूला काढायचं, उतार खोदायचा नाही, झाडं राखायची, पावसाच्या दिवसांत माणसं खाली आणायची आणि धोका फारच असेल तर वाडी आधीच दुसरीकडे वसवायची. माळीण आणि इर्शाळवाडीच्या लोकांना नवी घरं मिळाली, पण मिळाली ती नंतर. जी मागे उरली त्यांना.

हा 'नंतर' कुठून येतो? थोडा पैशाचा हिशेब बघू. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आपत्तीच्या निधीचे दोन वाटे केले. १०० रुपयांतले ८० मुख्यतः संकट आल्यावर मदत आणि पुन्हा उभारणीसाठी, २० संकट येण्याआधी ते सौम्य करण्यासाठी. आधीसाठी असा वेगळा वाटा काढला हीच नवी गोष्ट होती, त्याबद्दल आयोगाचं कौतुक करायला हवं. पण आपण घर चालवणाऱ्या बायका. मृग लागायच्या आत कौलं शाकारून घेतो, पागोळीची वाट मोकळी करतो. भिंत पडल्यावर बांधायला किती लागतं, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या मते वीस रुपये फार कमी आहेत.

आणि हा वीसचा वाटा जिल्ह्याजिल्ह्यांत खरोखर खर्च व्हायला लागला, तर भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपनाही काम आहे. सळया, खांब, तारेला जस्ताचा मुलामा, सगळं तिथे होतं. आपल्याच सह्याद्रीत कस लागलेला माल नेपाळ, भूतान किंवा आफ्रिकेतल्या डोंगराळ देशांत विकायला सोपा. परदेशी गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं, तुमच्या घरी कुठे बसवलंय?

माझ्या नणंदेचं माहेर आणि सासर दोन्ही भीमाशंकरच्या अंगाला आहे. (माहेर म्हणजे अर्थात माझं सासर!) तिच्या वाडीच्या वर गेल्या पावसाळ्यात जमिनीला भेग दिसली. बायका सरपणाला जातात म्हणून त्यांना आधी दिसली, पुरुषांना नंतर. भेगेबरोबर आणखी खुणा असतात. झाडं, खांब कलायला लागतात, नितळ झऱ्याला गढूळ पाणी येतं, किंवा भर पावसात झरा एकाएकी आटतो, दारं चौकटीत अडकायला लागतात. यातलं काही दिसलं तर रात्र तिथे काढायची नाही. सामान राहू द्या, लेकरं-म्हातारी घेऊन निघा.

आणि हे कुणाला सांगायचं, तेही ठाऊक असावं. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ चा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्याला एक प्राधिकरण आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष या पदानं सहअध्यक्ष. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणजे या सहअध्यक्षाच्या खुर्चीवर कितीतरी जिल्ह्यांत बाई बसू शकते. ग्रामसभेत ठराव करून तो त्या खुर्चीपर्यंत पाठवता येतो.

नणंदेच्या वाडीतल्या बायकांनी तेच केलं. ठरावात तीनच गोष्टी मागितल्या. आमचं नाव यादीत आहे का ते कळवा, नसेल तर भूवैज्ञानिक पाठवून पाहणी करा, आणि जुलैत राहायला खालच्या शाळेच्या दोन खोल्या नक्की करा. ठरावावर अठ्ठावीस बायकांच्या सह्या आहेत, चौघींचे अंगठे. पोचपावती मिळाली आहे. शाळेच्या खोल्यांची किल्ली मात्र त्यांनी मुख्याध्यापकांकडून आत्ताच मागून ठेवली आहे.