वाट बघा, वाट लावू नका!

शुक्रवारची संध्याकाळ. पाऊस जरा थांबला रे थांबला की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘उद्या बदलापूर?’ त्यापाठोपाठ अंगठेच अंगठे. बरोबरच आहे म्हणा. गिअरवाली माउंटन बाइक घेतलीय, तिचे हप्ते चालू आहेत आणि मलंगगड-चंदेरीचा हिरवागार डोंगर रोज लोकलच्या खिडकीतून खुणावतोय. मग वाट कसली बघायची?

दोस्तहो, वाटेसाठीच वाट बघायची. पाऊस थांबला म्हणजे ट्रेल तयार झाली, हा आपला आवडता गैरसमज आहे. पाऊस आभाळातून थांबतो, जमिनीतून नाही.

परदेशात माउंटन बाइकसाठी खास बांधलेले ट्रेल पार्क असतात. जोराचा पाऊस झाला की तिथे सरळ ‘आज बंद’ची पाटी लागते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनचे नियमही हेच सांगतात, की वाट मऊ असेल तर सायकल चालवायला दुसरी जागा शोधा. आपल्या शहाड-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आपण ज्याला कौतुकाने ‘ट्रेल’ म्हणतो, ती मुळात कुणाची तरी पायवाट असते. नाहीतर बैलगाडीची वाट, नाहीतर भातखाचराचा बांध. तिथे पाटी लावायला कुणी येत नाही. म्हणजे पाटी आपणच. आणि ती वाचायची कशी, हाच आजचा फंडा.

आधी माती ओळखा. आपला सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. तो झिजून उतारावर मुरूम होतो. मुरमातून पाणी पटकन निचरून जातं. एक दिवस चांगलं ऊन पडलं की मुरमाची वाट चाकाखाली पुन्हा टणक लागते. खाली सपाटीला मात्र चिकण काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. वरून वाळलेली दिसली तरी आत लोणी! तिला दोन-चार दिवसांची सलग उघडीप लागते आणि जुलैत ती मिळणं म्हणजे लॉटरीच. दाट झाडीखालच्या वाटेला ऊनच लागत नाही, त्यामुळे ती सगळ्यात उशिरा वाळते. उघडा कातळ वेगळाच. त्याचं आपण काही बिघडवू शकत नाही, पण त्यावरचं शेवाळं आपलं नक्की बिघडवू शकतं.

आता परीक्षा. सायकलवरून उतरा आणि बुटाची टाच जमिनीत दाबा. टाच रुतली, ठशात पाणी आलं, तर मागे फिरा. ठसा उमटलाच नाही किंवा जेमतेम उमटला, तर पुढे जा. मग पन्नास पावलं सायकल चालवून मागे वळून बघा. टायरची नुसती नक्षी दिसतेय की खोल चर पडलाय? चर असेल तर तिथूनच रिटर्न. चाक आणि फोर्कच्या मध्ये चिखल साचून चाक अडायला लागलं, तर परीक्षा संपली. नापास!

‘एवढं काय, गाई-म्हशी पण जातात की,’ असं आमच्या ग्रुपमधला एक जण नेहमी म्हणतो. जातात ना. पण पावलाचा ठसा म्हणजे टिंब आणि टायरचा ठसा म्हणजे रेघ. पाणी टिंबात साठतं, रेघेतून धावतं. उतारावर एक सलग रेघ मिळाली की पुढच्या सरीचं सगळं पाणी तिच्यातून पळतं आणि माती घेऊन जातं. आज दोन बोटं असलेला चर सीझन संपेपर्यंत ओहोळ होतो. ऑक्टोबर हीटमध्ये तोच विटेसारखा कडक होतो.

मागच्या पावसाळ्यात बारवीच्या बाजूच्या एका पाड्याजवळ अशीच वाट पाहिली. आदल्या रविवारी कुणाच्या तरी सायकली आणि मोटरसायकली तिथून गेल्या होत्या. आम्ही सायकली हातात धरून कडेने चालत होतो. समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक आजी आली. आम्ही बाजूला झालो. म्हटलं, ‘आजी, सांभाळून, घसरडं आहे.’ ती थांबली, चराकडे बघून म्हणाली, ‘दादा, तुमचं बरं हाय, तुम्ही आठवड्याला येता. आमची पोरं रोज शाळेत जातात हिकडूनच.’ आवाजात राग नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं. आपल्याला ती वाट म्हणजे वीकएंडचा थ्रिल. तिला तोच हायवे, तोच फुटपाथ, तोच शाळेचा रस्ता.

म्हणून चालू वाटेवर डबकं आलं तर कडेने नवी वाट पाडू नका. मधूनच जा, शक्यतो सायकल उचलून. कडेकडेने जाण्याच्या नादात पायवाटेचा रस्ता होतो आणि लावणी केलेल्या खाचराचा बांध फुटतो. त्या बांधावर कुणाच्या तरी वर्षभराच्या भाताचं पाणी अडवलेलं असतं.

मग पावसाळ्यात घरी बसून भजी खायची? मुळीच नाही! शहाडहून म्हारळ, वरप, कांबा करत मुरबाड रोडला लागा, किंवा बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा डांबरी रस्ता पकडा. हिरवाई तीच, चिखल कमी. मागे लाल दिवा हवाच, कारण ट्रकच्या फवाऱ्यात सायकलवाला दिसत नाही. साधे रबरी ब्रेक असतील तर ओल्या रिमवर ते उशिरा धरतात, तेव्हा आधीपासून दाबा. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते फक्त खड्ड्यालाच माहीत, म्हणून त्यात चाक घालू नका. घरी आल्यावर चेन पुसून तेल द्या आणि सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाने बेअरिंगवर पाणी मारू नका.

आणि नदीशी पैज नको. रायत्याच्या पुलावर उल्हासचं पाणी आलं की मुरबाड रोड बंदच पडतो. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, तुमची राइड संपायची वाट बघत नाहीत. कोंडेश्वरसारख्या ठिकाणी प्रशासनाचा मनाई आदेश आहे का, हे निघण्याआधी बघून घ्या.

खरा ट्रेलचा सीझन ऑक्टोबरनंतर. गवत सोनेरी, वाट टणक, हवा मस्त. तोवर ती वाट शाबूत राहिली पाहिजे, आपल्यासाठी आणि रोज तिच्यावरून चालणाऱ्यांसाठीही. तेव्हा या शनिवारी ग्रुपवर ‘उद्या बदलापूर?’ आलं, तर अंगठा दाखवण्याआधी एवढंच विचारा, ‘डांबर की माती?’ माती म्हणाले, तर टाच दाबून बघायची जबाबदारी तुमची. हॅपी रायडिंग!